पूजेत मांडलेला बेल्ट

मोटार गॅरेजवाल्या मल्लाप्पाण्णांची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली, हे त्यांच्या पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथात लिहावे की नाही, याचा मी बराच विचार केला. पण आण्णांबद्दल लिहायचे आणि आडपडदा ठेवायचा, हे काही जमणार नाही. शाहूपुरीतल्या माझ्या लेथवर करायला दिलेले एक ब्रॅकेट न्यायला ते आले होते. मी धंद्यात नवा होतो आणि मापाच्या बाबतीत स्वतःला फार शहाणा समजत होतो. त्यांनी ब्रॅकेट उजेडाकडे धरले, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "पावणं, भोक तिरकं हाय." मी म्हणालो, मुळीच नाही. "व्हय, तुमच्या डोळ्याला न्हाय," ते म्हणाले. मी चिडून मोजले. भोक तिरकेच होते. त्यावर आण्णांनी विजयाचा एक शब्दही काढला नाही. "च्या सांगा आता," एवढेच म्हणाले आणि स्टुलावर बसले. त्याला आता पंचवीसएक वर्षे झाली.

आण्णा कुरुंदवाडच्या बाजूचे. घरात मराठी आणि कानडी दोन्ही चालतात. गिऱ्हाइकांशी ते मराठीत बोलतात आणि गाडी ऐकेनाशी झाली की तिच्याशी कानडीत. त्या कानडीचा अर्थ मी कधी विचारलेला नाही. आण्णांच्या पत्नीच्या, म्हणजे वहिनींच्या, चेहऱ्यावरून तो विचारण्यासारखा नसावा. आण्णांचा आवाज रस्त्यापलीकडे ऐकू जातो, पण तो आवाज दुसऱ्याच्या कामाला नावे ठेवण्यासाठी मात्र कधी चढला नाही. एकदा हुपरीहून एक गृहस्थ दुसरीकडे बिघडवून आणलेले इंजिन घेऊन आले आणि आधीच्या मिस्त्रीला शिव्या देऊ लागले. "त्येनं त्याच्या परीनं केलंय. तुमी बसा," असे म्हणून आण्णांनी विषय मिटवला. मिस्त्री लोकांत हा गुण किती दुर्मीळ आहे, हे मी लेथवर बसून रोज ऐकतो.

आता मुख्य गोष्ट. आमच्या वडिलांकडे, म्हणजे आबांकडे, एक जुनी परदेशी बनावटीची मोटार आहे. आबा ऐंशी ओलांडलेले. दसऱ्याला आईला शेजारी बसवून तिच्या माहेरी, कुरुंदवाडला सोने द्यायला जायचे आणि गाडी स्वतः चालवायची, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम. दोन वर्षांपूर्वी त्या गाडीचा पॉवर स्टिअरिंगचा पंप गेला. हा पंप इंजिनवरच्या बेल्टने फिरतो आणि तेल दाबाने पुढे ढकलतो. म्हणून तर एवढे धूड एका हाताने वळते. तो गेल्यावर चाक फिरवणे म्हणजे दोघांचे जाते एकट्याने ओढणे झाले. त्यातच आबांचा खांदा दुखावलेला. दुसऱ्याने गाडी चालवायची आणि आपण मागे बसायचे, हे त्यांना मान्य नव्हते. पहिला मागवलेला पंप बसलाच नाही. दुसरा महत्प्रयासाने मिळाला, तेव्हा आबा म्हणाले, "ह्यो बी न्हाय बसला तर गाडी देऊन टाका कुणाला तरी." एवढे बोलून ते आत गेले.

हा दुसरा पंप मुळात त्या गाडीचा नव्हता, जवळपासच्या मापाचा होता. आण्णांनी पुठ्ठ्यावर ब्रॅकेटचा आकार कापला आणि मला चार वेळा नवे करायला लावले. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी पंप जागेवर बसला, पाइप आवळले गेले. माझ्या मते तेल भरायचे तेवढे राहिले होते. मी म्हणालो, अर्ध्या तासाचे काम आहे, उरकून टाकू. आण्णांनी नट आवळायचे पाने पुसायला घेतले. "उद्या हत्यारं पूजेला बसत्यात. आता हात लावायचा न्हाय. ऱ्हायलेलं दसऱ्याला."

खंडेनवमीला सकाळी गॅरेजमध्ये पूजा मांडली होती. आबा आणि आई हार, नारळ घेऊन आले. गाडीला हार घातला, चाकांखाली लिंबे ठेवली. आबांचा चेहरा असा खुलला होता की मला राहवले नाही. पूजा झाली की इंजिन एकदा सुरू करायचे, ही आमच्याकडची रीत. मी ऐटीत आत बसलो आणि किल्ली फिरवली. इंजिन झकास सुरू झाले. आईने हात जोडले. आणि त्याच क्षणी माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला की पंपात तेलाचा थेंब नाही.

कोरडा पंप काही क्षणांत आतून खरवडून निघतो, हे लेथवाल्याला कुणी सांगावे लागत नाही. मी किल्ली बंद केली. आबांचा दसरा, आबांची गाडी, सगळे मी माझ्या हाताने घालवले होते. आण्णा प्रसादाचे ताट घेऊन शेजारी आले. माझे तोंड पाहूनच त्यांना कळले असावे. हळू आवाजात, म्हणजे त्यांच्या मानाने हळू, म्हणाले, "घाबरू नगंस. पूजेत बघ की."

पाने, हातोडी, स्क्रू ड्रायव्हर अशी सगळी हत्यारे ओळीने मांडली होती. त्यांच्या मधोमध पंपाचा बेल्ट, हळदीकुंकू लावलेला, वर झेंडूचे फूल. बेल्ट गाडीवर चढवलेलाच नव्हता. इंजिन फिरले; पंप जागचा हललाही नाही. मला तिथेच रडू आले. आबांनी विचारले, "काय झालं रं?" मी काही बोलायच्या आत आण्णा म्हणाले, "पूजेचा धूर गेलाय डोळ्यात."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तेल भरले, पुढची चाके उचलून घेतली आणि आबांनाच आत बसवले. "सावकाश फिरवा, ह्या टोकापासनं त्या टोकापतूर." अधांतरी चाके हलकी फिरत होती. तेलातून हवेचे बुडबुडे यायचे थांबले, तेव्हा कुठे त्यांनी पूजेतला बेल्ट उचलून चढवला. इंजिन सुरू झाले. गाडी खाली उतरवली आणि आबांनी एका हाताने चाक वळवले. त्या दुपारी आई-आबा कुरुंदवाडला गेले. मी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवलो.

बेल्ट सगळ्यांत शेवटी, तेल भरून, हवा काढून झाल्यावरच, हा आण्णांचा दंडक आहे. या लेखासाठी परवानगी मागायला गेलो, तेव्हा त्याचे कारण मला कळले. "लिव्ह की," ते म्हणाले, "पर माझं बी लिव्ह. तरणा असताना मी असाच एक पंप जाळलाय. खंडेनवमीलाच. मालकाला खूश करायला गेलतो. तवापासनं अर्धं काम ऱ्हायलं की बेल्ट पूजेत."

माझी चूक आण्णांनी आजवर कुणाला सांगितली नाही. पंचाहत्तरीच्या समारंभाला त्यांना घेऊन येण्याचा हट्ट आबांनी धरला आहे, त्याच गाडीतून, स्वतः चालवत. म्हणून आबा, हे तुम्हाला छापूनच सांगतो. रागवायचे तर मला रागवा, पण आण्णांना घरी पोहोचवून आल्यावर.

आण्णांचे डोळे असेच तिरके भोक ओळखणारे राहोत, गुडघे गाडीखाली शिरण्याइतके शाबूत राहोत आणि त्यांची शंभरी आम्ही याच गॅरेजमध्ये साजरी करावी. त्या वर्षीही खंडेनवमीला पूजा त्यांनीच मांडावी. किल्लीला मी हात लावणार नाही.