रेणूची झोपलेली चाचणी

माझी भाची रेणू एकोडीची. तिथे नेटचा भरवसा नाही, म्हणून ती साकोलीत माझ्या धानाच्या दुकानावरच्या खोलीत बसून काम करते. काम म्हणजे क्रिप्टोचलन पाठवायच्या एका सॉफ्टवेअरच्या चाचण्या लिहिणं. या सॉफ्टवेअरला मालक नाही. देशोदेशीची माणसं मिळून ते लिहितात, कोणीही उघडून पाहावं. कोणी त्यात बदल केला की रेणूची चाचणी आपोआप चालते. ठीक असेल तर हिरवी खूण, बिघडलं असेल तर लाल. पैसे पाठवताना नेट गेलं तर तेच पैसे दोनदा जाऊ नयेत, एवढं तिने पाहायचं. या चाचणीमुळेच त्या मंडळींनी रेणूला आपल्यात घेतलं होतं. पोरीला केवढा आनंद! मला मात्र साकोलीभर सांगत फिरावं लागलं, की बाबांनो, ही कोणाचे पैसे दुप्पट करून देत नाही.

मागच्या हंगामात माझा इलेक्ट्रॉनिक काटा बिघडला. प्रत्येक पोतं बरोबर चाळीस किलो. माप सरसर होतंय म्हणून मी खूश. शेवटी संशय आला आणि मी स्वतःच काट्यावर चढलो. चाळीस! माझं पोट पाहता हे देवालाही पटलं नसतं. रेणू खदखदून हसली आणि मधेच थांबून काट्याकडे पाहू लागली.

"काय झालं, पोरी?"

"मामा, माही चाचणीबी कईपासून हिरवंच दाखवून राहिली."

वर जाऊन तिने सॉफ्टवेअरच्या आपल्याजवळच्या प्रतीत मुद्दाम चूक घातली, पैसे दोनदा जातील अशी. चाचणी हिरवीच. चाचणीत मधेच नेट मुद्दाम तोडायचं असतं, पण त्याआधीच ती संपत होती, म्हणजे तपासत काहीच नव्हती. आणि नवी आवृत्ती दुसऱ्याच दिवशी लोकांच्या हाती जायची होती.

"चूपचाप सुधरवून टाक ना," मी म्हणालो. "सगळ्यायले सांगतेस कायले? काढून टाकतील तुले."

"अन् त्या हिरव्या खुणेच्या भरवशावर जे बदल आत गेले, ते कोण पाहील? मले वाचवासाठी लोकायचे पैसे डुबवू काय, मामा?"

मला राग आला, कारण पोर बरोबर बोलत होती.

तिने त्या मंडळींना सरळ लिहिलं, चाचणी झोपली होती, चूक माझी. मग ती दुरुस्त करून खऱ्या सॉफ्टवेअरवर चालवली. लाल! नव्या आवृत्तीत आलेल्या कोणाच्या तरी बदलामुळे पैसे खरोखरच दोनदा जात होते. तेही तिने कळवलं आणि उत्तराची वाट पाहत बसली. जेवली नाही.

सकाळी उत्तर आलं. नवी आवृत्ती थांबवली होती आणि यापुढे पैसे पाठवण्याची कोणतीही चाचणी रेणूच्या होकाराशिवाय आत जाणार नव्हती. ती रडली. खोटं कशाला बोलू, मीही रडलो.

त्याखाली आणखी माणसं लिहीतच होती. रेणूने एकेकाचं मला वाचून दाखवलं.

"मामा, हा म्हणते, 'मीबी मुद्दाम चूक टाकून पाहिली. माहीबी झोपलीच होती.'"