दुरुस्तीत हरलेली लढाई

आनंदनगरच्या कारखान्यात मी तीस वर्षे यंत्रांची देखभाल केली. निवृत्तीनंतर सोनिवलीच्या घरी मुलीने मला संगणकावरचा एक खेळ शिकवला: परग्रहावर तळ उभारायचा, यंत्रमानवांची फौज घडवायची आणि शत्रूचा तळ उद्ध्वस्त करायचा. दर रविवारी आम्ही दोघे जोडीने खेळू लागलो. माझ्या आठवड्यातला तो सर्वांत सुखाचा तास होता.

पण एखाद्या यंत्रमानवातून धूर निघाला की मी त्याला दुरुस्तीसाठी मागे घेत असे आणि आम्ही हरत असू.

"बाबा, लढाई चालू आहे, मेंटेनन्स नाही!" एकदा मुलगी वैतागली आणि तिने माझ्या जागी आईला बसवले. शाळेत साठ-साठ मुलांचे वर्ग सांभाळलेल्या हिने सगळी फौज एकदम पुढे काढली. त्या जिंकल्या. मी टाळ्या वाजवल्या. मनातून मात्र त्या हराव्यात असेच वाटत होते.

सोमवारी ही भाजी आणायला जाताच मी गुपचूप सरावाला बसलो. पहिला यंत्रमानव धुमसू लागला. त्याच्याकडे पाहायचे नाही, असे निक्षून ठरवले होते. तरी हात दुरुस्तीच्या बटणावर गेलाच.

पुढच्या रविवारीही मुलीने शेजारची खुर्ची आईसाठीच ओढली.