न पडणाऱ्या काकू

आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमधल्या सायकलकाकू सायकलवरून कधीही पडल्या नाहीत. त्या उतरायच्या. पत्रीपुलाच्या चढावर उतरल्या, मोहन्याच्या बाजारात कोथिंबिरीच्या ढिगावर उतरल्या आणि दुर्गाडीच्या सिग्नलला तर उभ्याउभ्या, अगदी सावकाश, शेजारच्या रिक्षावाल्याच्या मांडीवर उतरल्या. तो बिचारा घाबरून "मावशी, लागलं काय?" विचारत राहिला. काकूंनी त्याच्या मांडीवरूनच त्याला समजावलं, "पडले नाहीये मी. उतरले."

या एका शब्दावर त्यांची सायकल टिकून होती. त्यांचा मुलगा नितीन पुण्याला असायचा. साठीच्या आईने माउंटन बाइक घेतल्याचं कळल्यावर त्याने फोनवर बजावलं होतं, "आई, एकदा जरी पडलीस ना, त्याच दिवशी येऊन सायकल विकून टाकीन." काकूंनी जन्मभर शाळेत गणित शिकवलेलं, त्यामुळे त्यांनी आधी व्याख्या पक्की केली. "पडणं म्हणजे काय? इच्छा नसताना खाली येणं. माझी उतरायची इच्छा असतेच रे. फक्त जागा ठरलेली नसते." ही व्याख्या आम्हा रविवारच्या सायकलवाल्यांना तोंडपाठ होती. वॉचमनलासुद्धा होती.

सायकल घ्यायला त्या मलाच कल्याणला घेऊन गेल्या होत्या. दुकानदाराने पुढे बास्केट लावलेली गुलाबी सायकल काढली. "मॅडम, ये लेडीज मॉडेल देखो, सब्जी लाने को एकदम मस्त." काकूंनी त्या बास्केटकडे नासक्या वांग्याकडे बघावं तसं बघितलं. "भाजी दारावर येते. मला लांब जायचंय." मग त्यांनी दुकानातल्या प्रत्येक जाड टायरच्या सायकलवर पोक्त चेहऱ्याने टिचक्या मारल्या, पुढचं सस्पेन्शन दोन्ही हातांनी दाबून गादीसारखं तपासलं आणि एक काळी-पिवळी सायकल नक्की केली. सीट पार खाली घेतली तरी त्यांचे पाय जमिनीला जेमतेम टेकत होते. मी तसं म्हटलं, तर म्हणाल्या, "चालवताना जमिनीशी काय संबंध?"

त्यांचं माहेर मोहन्याचं. वडील कारखान्यातून आले की त्यांची काळी सायकल काकू पळवायच्या आणि दांड्याखालून पाय घालून हाफ पायडल मारायच्या. मग लग्न, नोकरी, डबे, शिकवण्या, आणि सायकल राहूनच गेली. याबद्दल त्यांनी कधी सुस्कारा टाकलेला मला आठवत नाही. राहिलेला सगळा अभ्यास सुट्टीत उरकायला बसल्यासारख्या त्या नुसत्या हुरळलेल्या असायच्या. गियरचे आकडे त्यांना मान्य नव्हते. चढ आला की मागून हाक यायची, "अरे, गॅस बारीक कर! मंद आचेवर ये!" आणि सपाट रस्ता लागला की, "आता मोठा कर, उतू गेलं तरी चालेल!" आजही चढावर माझा अंगठा आपोआप गॅस बारीक करतो.

शनिवारी दुपारी पार्किंगमध्ये सायकल उलटी करून त्यांचं साफसफाईचं काम चालायचं. जुना टूथब्रश, जुनी साडी, चेनचं तेल. चेन पुसून झाली की काळे झालेले हात त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवायच्या. अशा जिवापाड जपलेल्या सायकलची दसऱ्याला पूजा होणार हे ओघानेच आलं. झेंडूचा हार घातला, हँडलला आपट्याची पानं खोवली. कुंकू कुठे लावायचं, तर चाकाच्या मधोमध असलेल्या डिस्कब्रेकच्या चकत्या सगळ्यांत लखलखीत. तेव्हा कुंकू टिकावं म्हणून काकूंनी तेलात बोट बुडवून दोन्ही चकत्यांवर ठसठशीत स्वस्तिकं काढली. ब्रेक त्या चकतीलाच धरून चाक थांबवतो, आणि तिला तेल लागलं की धरत नाही, हे आम्ही कोणी त्यांना सांगितलं नव्हतं. उलट आम्ही नमस्कार करून पेढे खाल्ले.

पुढच्या रविवारी आम्ही खडवलीला निघालो. सपाटीला कुणाच्या लक्षात आलं नाही. नदीकडे उतरणारा रस्ता लागला आणि काकू माझ्या बाजूने सूंऽ करून पुढे गेल्या. "काकू, ब्रेक!" मी ओरडलो. "दाबलाय रे! ऐकत नाहीये!" पुढे काठावर कपडे धुणाऱ्या बायका बादल्या उचलून बाजूला झाल्या आणि काकू हार घातलेल्या सायकलसकट सरळ नदीत शिरल्या. पाणी गुडघाभर. सायकल वाळूत रुतून उभी राहिली आणि काकू सीटवर ताठ बसलेल्या. त्यांनी मान वळवली आणि तिथूनच ओरडल्या, "अरे, बघत काय बसलात? फोटो काढा ना!"

तो फोटो संध्याकाळपर्यंत पुण्याला पोचला. नितीनचा मला फोन आला. "खरं सांग. आई पडली?"

मी घसा साफ केला. "नाही. सीटवरच होत्या."

"नदीत?"

"हो. पण सीटवरच."

पलीकडे त्याला हसू आवरेना. सायकल वाचली. काकूंनी मला साबुदाण्याची खिचडी खाऊ घातली.

नंतर आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. मी कल्याणला आलो, काकू नितीनकडे गेल्या. टेम्पोत फ्रिज नुसता दोरीने बांधला होता आणि सायकल दोन गोधड्यांत गुंडाळली होती. पुण्याहून त्यांचे फोन यायचे, आज कुठे उतरले याचे.

गेल्या पावसाळ्यात असाच फोन आला. "अरे, मी पडले."

त्यांच्या तोंडून हा शब्द 'नाही'शिवाय मी पहिल्यांदा ऐकला. "सायकलवरून?"

"छे! सायकलवरून कोण पडतं? बाथरूममध्ये."

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, आता काठी घेऊन चालतात. सायकल मात्र डॉक्टरांनी कायमची बंद केली. नितीनने ती विकली नाही. स्वतः गाडीवर बांधून माझ्याकडे घेऊन आला आणि काकूंचा निरोप सांगितला, "पूजा कर. कुंकू हँडलला. चकतीला हात लावलास तर बघ."

दसऱ्याला मी पूजा केली आणि त्याच सायकलने खडवली गाठली. चढाला गॅस बारीक, सपाटीला मोठा. नदीकडच्या उतारावर दोन्ही ब्रेक दाबले, पाण्याच्या कडेला अलगद थांबलो आणि पुढचं चाक पाण्यात बुडवून काकूंना फोटो पाठवला. मला वाटलं, त्यांना भरून येईल. मला तर आलंच होतं.

लगेच उत्तर आलं. "ब्रेक लागले? अरेरे! मग काय मजा!"