माझ्या तोंडचा प्लॅन

मी खाली फरशीवर बसले होते. मांडीवर टॉवेल, टॉवेलवर एका परक्या बाईचा पाय. समोर सोफ्यावर त्या बाईचा नवरा, त्याच्या बाजूला आमच्या मॅडम. भिंतीवरच्या टीव्हीला लॅपटॉप जोडलेला. टीव्हीपुढे उभी राहून मॅडमची सून माझी वाक्यं वाचत होती.

माझी. मी सांगितलेली.

कॉलेजच्या मुली शनिवारी येतात. घरच्या बाया अकरा ते तीन, डबे आटोपल्यावर. बुटीबोरीला कंपनीत जाणाऱ्या रविवारी, आणि त्यांना घाई असते. ती हे सगळं इंग्रजीत म्हणत होती. तरी मला कळत होतं. आपलं बोलणं दुसऱ्या भाषेत गेलं तरी ओळखू येतं.

पाहुण्यानं माझ्याकडे हनुवटी केली. "ही कोण?"

"ही? डेमोसाठी," सून म्हणाली. आणि पुढचं पान लावलं.

डेमोसाठी. बारा वर्षं त्यांच्या पार्लरमध्ये काम केलं होतं मी.

पाय धुण्याची लाज मला कधी वाटली नाही. तो माझा धंदा आहे. टाचेची भेग बघून मी सांगते बाई दिवसभर उभी असते की नाही. लाज वेगळ्याच गोष्टीची वाटली, आणि ती त्या दिवशी वाटली. ती का वाटली, ते सांगते.

मी कामठीची. बाप माझा विणकर. आधी हातमाग, मग दुसऱ्याच्या पॉवरलूमवर पाळी. हातमागावर असताना तो लुगड्याचे काठ स्वतः बसवायचा. कागदावर काढायचा नाही, डोक्यातच. लुगडी नागपूरला महाल भागातल्या एका दुकानात जायची. तिथं त्यावर दुकानाचा शिक्का बसायचा. एकदा मी त्याच्यासोबत गेले होते. दुकानदार गिऱ्हाइकाला सांगत होता, "हे डिझाइन आमचं घरचं." बाप दारात उभा होता. चप्पल बाहेर काढून. काही बोलला नाही. बसमध्येही बोलला नाही. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. मला वाटलं, असंच असते.

बारावीनंतर मी मॅडमच्या पार्लरमध्ये लागले. रोज शेअर ऑटोनं नागपूर. पहिलं वर्ष झाडू, केस गोळा करणं, टॉवेल धुणं. मग मॅडमनं थ्रेडिंग शिकवलं. खोटं कशाला बोलू, त्यांनीच शिकवलं. दातात दोरा धरून धरून ओठाचा कोपरा फाटायचा. पण पुढचं मी शिकले. गिऱ्हाइकाच्या कातडीनं शिकवलं. मॅडमचे गुडघे गेले तेव्हापासून त्या गल्ल्यावर बसायच्या, आणि आतलं सगळं मी बघायची.

नागपूरचा मे महिना तुम्हाला माहीत आहे. त्यातच लग्नं. मांडवात नवरी उभी राहिली की अर्ध्या तासात मेकअप कानामागून खाली. मी त्यावर दोन उन्हाळे डोकं चालवलं. कोणत्या थरानंतर किती थांबायचं, बर्फ कधी लावायचा, पावडर कुठं दाबायची आणि कुठं अजिबात नाही. माझ्या नवऱ्या विदाईपर्यंत तशाच राहायच्या. बाया मला शोधत यायच्या. मॅडमचं पार्लर म्हणून यायच्या, पण आत येऊन विचारायच्या, "ती कामठीवाली आहे का?"

मग सून आली. पुण्याची, मॅनेजमेंट शिकलेली. वाईट नव्हती. तिला मोठं सलून काढायचं होतं, धरमपेठेत, काचेचं. त्यासाठी बिझनेस प्लॅन लिहायचा होता. एक दिवस तिनं मला वर घरात बोलावलं. खुर्ची दिली. "बस ना. मला तुझ्याकडून सगळं समजून घ्यायचंय."

आठ दुपारी मी त्या खुर्चीवर बसले. ती विचारायची, मी सांगायची, ती टाइप करायची. गिऱ्हाईक कधी येतं, का परत येतं, का येत नाही. वॅक्सनं कातडी भाजली तर आधी काय करायचं. नवरीच्या कानामागं क्रीम लावून किती दिवस आधी बघायचं. कामठीच्या छावणीतल्या फौजींच्या बायका बदली झाली की जातात, पण जाताना नव्या आलेल्या बाईला आमचं पार्लर दाखवून जातात. हेसुद्धा सांगितलं. उन्हाळ्याच्या मेकअपचंही सांगितलं, थोडं. सगळं नाही. का नाही सांगितलं ते मलाही माहीत नाही. हात करतो ते तोंडाला सांगता येत नव्हतं, असंही असेल.

मला आनंद झाला होता हो. खोटं नाही. ऑटोत बसून मी स्वतःशी हसायची. कोणीतरी मला विचारून राहिलं आहे. कोणीतरी मी बोलते ते लिहून राहिलं आहे.

नवव्या दिवशी तिनं सांगितलं, "उद्या घरी ये. पैसे लावणारे लोक येतायत." मला वाटलं, त्यांनी काही विचारलं तर सांगायला बोलावते आहे. मी चांगला ड्रेस घातला. गेल्या गेल्या मॅडमनं हातात टब दिला.

आता पुन्हा त्या खोलीत या.

एक पाय झाला होता. पुसून टॉवेलवर ठेवला होता. दुसरा पाण्यात. सुनेनं पान बदललं. वर मोठ्या अक्षरात 'स्टाफ'. मी बारावी झालेली आहे. इंग्रजी हळूहळू लावता येतं. मी लावलं.

'कामठी साइड गर्ल्स. लो कॉस्ट. ओबीडियंट. ईझी टू रिप्लेस.'

पुन्हा एकदा लावलं. चुकत तर नाही आहे मी? नव्हते चुकत. स्वस्त. सांगितलेलं ऐकणाऱ्या. एक गेली की दुसरी आणता येते.

माझ्या समोर लिहिलं होतं. मी खोलीत होते, खाली, टीव्हीपासून चार हातांवर. तिला वाटलंच नाही की मी वाचेन. तिनं लपवलं असतं तर मला कमी लागलं असतं. लपवण्याइतकीही मी तिथं नव्हते.

तेवढ्यात पाय माझ्या हातात असलेली बाई बोलली. पहिल्यांदाच. "माझ्या पुतणीच्या लग्नात चेहऱ्याचं सगळं वाटोळं झालं होतं. उन्हाळ्यातल्या नवरीचं तुम्ही काय वेगळं करता?"

"आमचं स्वतःचं टेक्निक आहे," सून म्हणाली.

"म्हणजे काय?"

सून थांबली. लॅपटॉपकडे बघितलं. मग माझ्याकडे. "अगं सांग ना यांना, आपण कसं करतो ते."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आपण, म्हणाली ती. पाणी कोमट झालं होतं. मी त्या बाईचा पाय पाण्यातून काढला. पुसला नाही. तसाच ओला फरशीवर ठेवला.

"मले नाही माहीत, ताई."

"असं काय करतेस? तूच तर सांगितलं होतंस."

"मी ईझी टू रिप्लेस आहे ना? वाचलं मी. दुसरी आणा अन् तिले विचारा."

पाहुण्यानं टीव्हीकडे बघितलं, मग मोबाइल काढला. मी उठले. गुडघ्यावर ड्रेस भिजला होता.

मॅडम माझ्यामागं जिन्याच्या दारापर्यंत आल्या. दुखऱ्या गुडघ्यांनी. रागावल्या की त्यांची शुद्ध भाषा गळून पडायची.

"तुले हात पकडून शिकवलं मी. झाडू मारत होती तू. तुह्या हातात जे हाये ना, ते माह्या घरचं हाये!"

दुकानदार नेमकं असंच बोलला होता. मी बापासारखी दारात उभी होते, चप्पल पायात घालत. फरक एवढाच की मी तोंड उघडलं.

"दोरा पकडायले तुम्ही शिकवलं, मॅडम. बाकी माहं हाये."

घरी नवरा बुटीबोरीहून पाळी करून आला. त्याला सांगितलं. तो बूट काढता काढता थांबला. "काहून बोलली वं तू? दोन मिनिटं चूप नव्हतं बसता येत?"

मी म्हटलं, "बारा वर्षं बसली ना."

त्यानं दुसरा बूट काढला. त्याचंही खरं होतं. तोही ठेकेदाराकडे रोज चूपच बसतो, म्हणून घर चालतं.

पुढं चांगलं काही झालं नाही. मॅडमनं ओळखीच्या सगळ्या पार्लरवाल्यांना फोन केले. मी म्हणे पाहुण्यांसमोर तमाशा केला, गिऱ्हाइकं फोडते, सामान उचलते. पाच ठिकाणी गेले. पाचही ठिकाणी चेहऱ्यावरूनच कळलं की फोन आधी पोचला आहे. काचेचं सलून झालं. गर्दीही आहे, ऐकते. माझ्यासोबतच्या दोघी तिथंच कामाला आहेत. रस्त्यात भेटल्या तर बघत नाहीत. मी त्यांना दोष देत नाही.

मी शंभर पानी वही आणली. दुपारी चूल आटोपली की लिहायला बसायची. मराठीत. गिऱ्हाईक कोण, कामठीत जागा कुठं, उन्हाळ्यात काय, थंडीत काय, शिकवायच्या मुली किती. बोलायला सोपं होतं, लिहायला फार जड गेलं. एक पान तीन-तीनदा फाडलं. लिहिताना कळलं की आठ दुपारी मी किती दिलं होतं.

वही घेऊन कर्जाच्या योजनेच्या ऑफिसात गेले. साहेबानं पहिलं पान बघितलं, मधलं एक पान बघितलं.

"पार्लरच ना? घरच्या घरी करा हळूहळू. प्लॅन कशाले पायजे त्याले?"

"वाचा तर साहेब."

"असं हातानं लिहिलेलं चालत नाही बाई. इंग्रजीत, टाइप करून आणा. कोणाकडून तरी लिहून घ्या. मिळतात लिहून देणारे."

वही परत माझ्याकडे सरकवली. मागच्या माणसाला बोलावलं.

मी बाहेर आले. ऑफिसच्या भिंतीलाच टाइप करणारे बसले होते. एक म्हणाला, "बोला ताई, काय लिहायचं? तुम्ही फक्त सांगा, मी टाकतो बरोबर."

तुम्ही फक्त सांगा.

मी तशीच पुढं गेले. आता कामठीत कॉम्प्युटरच्या क्लासला जाते. माझ्या बाजूला दहावीची पोरं बसतात आणि माझी बोटं बघून हसतात. हसू देत. महिना लागो, वर्ष लागो. साहेब इंग्रजी मागतो, तर इंग्रजी शिकीन. पुन्हा परत पाठवलं, तर पुन्हा जाईन. पण लिहीन मीच. दुसऱ्या कोणाला सांगून लिहून घेणार नाही. एक ओळही नाही.