अंगठा आणि करंगळी

निघायच्या आदल्या संध्याकाळी निखिलरावांची सॅक मी रिकामी करून पुन्हा भरून घेतली असती. फौजेत त्याला किट इन्स्पेक्शन म्हणतात. पण निखिलराव माझे जावई. जावयाच्या सामानाला सासऱ्याने हात लावायचा नसतो, आमच्या सातारा भागात तरी नाही. अंगात जीन्स आणि सुती स्वेटशर्ट घालून जाणार हे दिसत होतं, भिजलेलं सुती कापड अंगातली ऊब ओढून घेतं हेही माहीत होतं, तरी मी सोफ्यावर गप्प बसून राहिलो.

हे २००४ च्या सप्टेंबरातलं, अमेरिकेतल्या रेडमंडचं. पायदळातून सुभेदार म्हणून रिटायर होऊन मला दोन वर्षं झाली होती. आमच्या मेधाला आठवा महिना होता, म्हणून मी आणि तिची आई तिकडे गेलो होतो. घरात बसून मी कंटाळलो, तेव्हा निखिलरावांनी वीकेंडचा ट्रेक ठरवला. डोंगरातली दोन तळी, त्यांच्या वर वणव्यावर नजर ठेवायची जुनी लाकडी चौकी. शनिवारी चौकीत मुक्काम, रविवारी परत.

मी संशयी माणूस आहे. दूधवाल्याने हसून नमस्कार केला तरी मी दुधात बोट बुडवून पाहतो, असं मेधाची आई म्हणते. ही विद्या मला हवालदार धोंडिराम खाडे यांनी दिली. ग्लेशियरवरच्या पोस्टवर ते रोज संध्याकाळी तंबूत प्रत्येकाला म्हणायचे, "हात दाखव. अंगठा करंगळीला टेकव." ज्याला जमायचं नाही, तो थेट स्टोव्हपाशी. गार पडलेला माणूस आधी बोटांतून जातो आणि मग डोक्यातून. "ठीक हूँ म्हणणाऱ्यावर पहिला संशय घ्यायचा," असं त्यांचं सांगणं होतं.

पार्किंगमध्ये हिरव्या टोपीचा, पिकलेल्या दाढीचा एक गोरा माणूस ट्रकला टेकून उभा होता. कुठून आलात, त्याने विचारलं. निखिलराव म्हणाले, रेडमंड. त्याआधी कुठून? इंडिया. त्याने माझ्या गळ्यातली दुर्बीण पाहिली, हातातला पेन्सिलीच्या खुणांचा नकाशा पाहिला. आम्ही निघालो, आणि थोड्या वेळाने तोही निघाला.

पहिल्या तळ्यावर आम्ही थांबलो, तो पलीकडच्या काठावर थांबला. आम्ही उठलो, तो उठला.

"बाबा, दुर्बीण आत ठेवा ना, प्लीज," निखिलराव म्हणाले. "९/११ पासून इथे लोक लगेच पोलिसांत रिपोर्ट करतात. माझं व्हिसाचं रिन्यूअल चालू आहे."

"थांबून सरळ विचारू त्याला."

"नको. आपण फास्ट जाऊ, तो मागे पडेल."

दुसऱ्या तळ्यानंतर पाऊस लागला. निखिलरावांनी सॅकमधून रेनकोट काढून मला दिला.

"तुम्हाला?"

"आहे दुसरा. चढावर घाम येतोय, वर गेल्यावर घालतो."

रेनकोटच्या बाह्या माझ्या बोटांच्या खाली लोंबत होत्या. दोन असते तर मला लहान मापाचा मिळाला असता. संशय आला, पण जावयाला खोटारडा कसं म्हणायचं? झाडाखाली थोडं थांबू म्हटलं, तर त्यांनी मागे पाहिलं. वळणावर हिरवी टोपी दिसली. "नको बाबा, चला."

डोंगराच्या धारेवर वारा भणाणत होता. सकाळपासून ऑफिसच्या गोष्टी सांगणारे निखिलराव गप्प झाले. मघापासून कुडकुडत होते, ते कुडकुडणंही थांबलं, आणि हे लक्षण चांगलं नव्हतं. बुटाची नाडी सुटली होती, तिच्यावर पाय देत ते चालले होते. दिवसभर मी चुकीच्या माणसावर नजर ठेवत होतो.

"निखिलराव, हात दाखवा."

"मी ठीक आहे, बाबा."

"हात."

अंगठा तळव्याच्या मध्यापर्यंत गेला आणि तिथेच राहिला. ते त्याकडे पाहून हसले. "गरम होतंय," म्हणत स्वेटशर्ट काढायला लागले.

जावयाला मी कधी अरेतुरे केलं नव्हतं. तेव्हा केलं. "निखिल, माझा पट्टा धर. सोडलास तर बघ." पोटातल्या बाळाने बापाचं तोंडही पाहिलेलं नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी घाबरलो होतो.

चौकीचं दार खांद्याने ढकलून उघडलं. त्याचे ओले कपडे उतरवले, त्याला कोरडं करून स्लीपिंग बॅगमध्ये घातलं. भानावर असता तर लाजेने मेला असता. गॅस पेटवायला गेलो, तर लायटर माझ्या हातातून दोनदा निसटला. तेवढ्यात दार वाजलं. हिरवी टोपी.

मी दोघांच्या मध्ये उभा राहिलो. त्याने निखिलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याने स्वतःचा स्टोव्ह काढून पेटवला.

"सकाळपासून तुमच्यावर लक्ष ठेवून होतो," तो इंग्रजीत म्हणाला.

"का?"

"दुर्बीण. नकाशा." मग म्हणाला, "पावसानंतर मात्र त्याची भिजलेली जीन्स."

नाव त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तो एका भिंतीला पाठ लावून बसला, मी दुसऱ्या. संशय काही गेला नाही, पण पाणी उकळलं. मेधाच्या बाळंतपणासाठी केलेल्या डिंकाच्या लाडवांतले चार तिच्या आईने बांधून दिले होते. गरम पाण्यात कुस्करून चमच्याचमच्याने ते निखिलला भरवले. आधी पुन्हा कुडकुडणं सुरू झालं, आणि मला हायसं वाटलं. बऱ्याच वेळाने त्याची नजर ताळ्यावर आली. ती माझ्यावर येऊन थांबली.

"बाबा, तुमचे हात बघू."

"मी ठीक आहे."

"हात, बाबा."

माझा अंगठा करंगळीपर्यंत पोचला नाही. निखिलने माझे दोन्ही हात ओढून आपल्या बॅगमध्ये घेतले, काखेत दाबून धरले. हिरव्या टोपीवाल्याने तोंड खिडकीकडे वळवलं. माझे डोळे भरून आले होते, ते त्याला दिसले असावेत.

ग्लेशियरवर हवालदार खाडे एका पहाटे लिंक पेट्रोलवरून, म्हणजे शेजारच्या पोस्टपर्यंतच्या गस्तीवरून, परतले. "ठीक हूँ," म्हणाले आणि तंबूच्या तोंडाशी बसले, ते पुन्हा उठलेच नाहीत. पोस्टवरच्या प्रत्येकाचे हात त्यांनी रोज पाहिले. त्यांना हात दाखवा म्हणायची आमच्यात कुणाची छाती नव्हती. ते सीनियर होते.