आईशप्पथ

आमच्या घरात एक शब्द बंद होता. शिव्या बंद होत्याच, पण त्या मला फारशा येतही नव्हत्या. हा शब्द मात्र वाशीच्या आमच्या सेक्टरमधल्या प्रत्येक पोराच्या तोंडी सदानकदा असायचा: आईशप्पथ. लंगडीत आऊट झालं तरी आईशप्पथ, गृहपाठ केला नसला तरी आईशप्पथ केलाय. मीही तो घराबाहेर भरपूर वापरायचे आणि ओट्याशी आले की गिळून टाकायचे. एकदा गिळायला विसरले. आई भाकरी थापत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "खरं बोलत असशील तर मला मध्ये कशाला आणतेस? आणि खोटं बोलत असशील तर मला मध्ये कशाला आणतेस?" मी गपगुमान जेवायला बसले.

आम्ही नगरकडचे ख्रिस्ती. पप्पांना ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात नोकरी लागली, म्हणून सत्तरचं दशक सरता सरता आम्ही इथे आलो. बैठी घरं होती. एक खोली, स्वयंपाकापुरती जागा, पुढे ओटा, आणि शेजाऱ्यांची आणि आपली भिंत एकच. चर्च तेव्हा जवळपास नव्हतं. रविवारी संध्याकाळी एका शाळेच्या वर्गात उपासना व्हायची आणि मोठी माणसं पोरांच्या बाकांवर कशीबशी मावून बसायची.

पण आईचा देव रविवारपुरता नव्हता. तो नळावर असायचा, रॉकेलच्या रांगेत असायचा, आणि दार वाजलं तर दारातही असायचा. एकदा पप्पांना त्यांचा एक मित्र पत्ते खेळायला बोलवायला आला. पप्पा आतून हळूच म्हणाले, "नाहीये म्हणून सांग." आईनं दार उघडलं आणि सांगितलं, "आहेत, पण यायचं नाही म्हणतायत." पप्पा दोन दिवस धुमसत होते. मला तेव्हाही वाटायचं आणि आजही वाटतं, की इतकं खरं बोलणाऱ्या माणसाबरोबर एका खोलीत राहणं हे काही सोपं काम नाही.

भिंतीपलीकडे साताऱ्याकडच्या काकू राहायच्या. आईची आणि त्यांची वाटीची देवाणघेवाण रोजची. आई सकाळी आमच्या ओट्यावर आळीतल्या लहान मुलांची बालवाडी घ्यायची. तिचं तिथे जे काही नाव होतं ते या बालवाडीमुळे आणि तिच्या शब्दामुळे. कुणाचं भांडण असलं की बायका म्हणायच्या, "बाईंना विचारा, त्या सांगतील ते खरं."

त्या उन्हाळ्यात काकूंच्या नणंदेचं लग्न निघालं. लग्न गावाला होतं. काकूंच्या सासूबाई आणि धाकटे दीर तयारीसाठी आले होते. एका दुपारी काकूंकडे उडदाचे पापड लाटायला आळीतल्या बायका जमल्या. घामोळ्यांनी गळा पेटला म्हणून काकूंनी अंगावरची बोरमाळ काढून आत स्वयंपाकाच्या फळीवर, एका वाटीत ठेवली. मध्येच सगळ्यांना चहाची तलफ आली. काकूंचे हात पिठात होते, म्हणून आई आत जाऊन चहा करून आली. बायका गेल्यावर काकू माळ घालायला गेल्या, तर वाटी रिकामी.

सगळं घर उलटंपालटं केलं. पिठाचे डबे चाळले, मोरी तपासली. माळ नाही ती नाहीच. आणि आत एकटी कोण गेली होती, तर आमची आई.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी सगळ्या बायकांना बोलावलं. त्यांचं कुलदैवत खंडोबा. ताटलीत भंडार ठेवला होता. हळदीची ती पिवळी पूड एकेकीनं उचलायची आणि म्हणायचं, मी माळ घेतली असेल तर माझं वाटोळं होवो. मी आईच्या पदराला धरून उभी होते. एकेक बाई पुढे होत होती. समोरच्या मावशी मराठवाड्यातल्या, बौद्ध. त्या म्हणाल्या, "भंडार आमच्यात नाही, मी लेकराच्या डोक्यावर हात ठेवते." सासूबाईंना तेही चाललं.

मग आईची पाळी आली.

"बाई, तुजा द्येव येगळा," सासूबाई म्हणाल्या. "तुजं ते द्येवाचं पुस्तक आन, त्याच्यावर हात ठेव. आमची काय ना न्हाय."

"आजी, मी माळ घेतली नाही," आई म्हणाली. "मी ती पाहिलीसुद्धा नाही."

"मग घे की शपथ."

"आमच्यात शपथ घेत नाहीत. प्रभूनं नको म्हटलंय. नाही म्हणजे नाही, एवढंच बोलायचं."

"सगळ्यांनी घेतली. तुलाच का जड जातंय?"

आईनं माझ्या मुठीतलं पदराचं टोक सोडवलं आणि कमरेला खोचलं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. काकू मान खाली घालून ताटलीकडे बघत होत्या. दारातून त्यांचे दीर म्हणाले, "उद्या सकाळी आमचा टेम्पो निघनार. तवर माळ आली तर ठीक, नायतर जाता जाता चौकीत रिपोर्ट देनार. नाव कुनाचं द्यायचं ते आता सगळ्यांनाच कळलंय."

आम्ही घरी आलो. बालवाडीची वेळ झाली होती. आईनं ओट्यावर सतरंजी घातली, फळा टेकवून ठेवला. फक्त समोरच्या मावशींची नात आली. थोड्या वेळानं मावशी आल्या आणि तिला घेऊन गेल्या. जाताना म्हणाल्या, "बाई, राग मानू नका. लोक बोलायलेत." आईनं सतरंजीची घडी घातली.

पप्पा पहिल्या पाळीहून आले तेव्हा त्यांच्या कानावर सगळं आलेलंच होतं. त्यांनी बूटही काढले नाहीत.

"पवित्र शास्त्रावर हात ठेव आणि मोकळी हो," ते म्हणाले. "कोर्टात ठेवतातच की आपली माणसं. तिथं काय देव रागावतो?"

"कोर्टात काय करतात ते मला माहीत नाही."

"उद्या पोलीस दारात आले तर? पोरीच्या देखत तुला चौकीत नेलं तर? कारखान्यात तोंड कसं दाखवू मी?"

आई म्हणाली, "या बायकांशी मी आजपर्यंत एक शब्द खोटा बोलले नाही. आज हात ठेवून बोलले, तर आजपर्यंत हात न ठेवता बोलले ते सगळं काय होतं?"

पप्पा म्हणाले, "तुझं हे असंच." आणि तोंड धुवायला गेले. मला तर आईचाच राग आला होता. एवढा राग मला सासूबाईंचाही आला नव्हता. देवाला हिची एवढी काळजी असेल तर त्यानं माळ शोधून द्यावी, नाहीतर एक दिवस शपथेची सूट द्यावी, असं माझं सरळ म्हणणं होतं.

संध्याकाळी नळावर आमच्या कळशीच्या पुढेमागे जागा सोडून बाकीच्यांनी आपापली भांडी लावली. पलीकडच्या आळीतली एक मुलगी मला मोठ्यानं म्हणाली, "काय गं, तुज्या आयनं ढापली ना माळ? मग शप्पथ का नाय घेत?"

माझी कळशी नुकतीच भरली होती, ती मी तिच्या अंगावर ओतली. रिकामी कळशी तिथेच टाकली आणि पळत सुटले ती थेट काकूंच्या घरात.

आत सामानाची बांधाबांध चालली होती. सासूबाई, दीर, काकू, मदतीला आलेल्या दोघी-तिघी. भंडाराची ताटली अजून कोपऱ्यातल्या देव्हाऱ्यापुढे होती. मी कुणाला न विचारता तिच्यात हात घातला, मूठ भरून उचलली आणि ओरडले, "आईशप्पथ! माझ्या आईनं माळ घेतली नाही! घेतली असेल तर..." पुढचं मला बोलवेना. जे बोलायचं होतं ते मेलं तोंडातच अडकलं. पण त्या खोलीत ते सगळ्यांना ऐकू गेलं.

सासूबाई उठल्या. माझ्या मुठीतली हळद त्यांनी बोटावर घेतली आणि माझ्या कपाळाला लावली.

"पोरगी आईचा जीव पनाला लावतीया," त्या म्हणाल्या. "लेकरू खोटं न्हाय बोलायचं. मिटलं."

दीर काहीतरी पुटपुटले, पण बसून राहिले. काकूंनी तोंडाला पदर लावला. मी घराकडे निघाले तेव्हा माझी छाती फुगली होती. आईला मी सोडवलं होतं. जे तिला आणि पप्पांना आणि देवालाही जमलं नाही, ते मी केलं होतं.

आईनं माझं कपाळ पाहिलं, मग हात. मोरीपाशी नेऊन तिनं माझा हात चोळचोळून धुतला, कपाळ पुसलं. मी म्हणाले, "आई, मिटलं सगळं. ते चौकीत नाही जाणार." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते आनंदाचं आहे असं मला वाटलं. मग तिनं माझं मनगट धरलं आणि मला परत काकूंच्या दारात नेलं.

"आजी," ती म्हणाली, "माझ्या मुलीची शपथ धरू नका. तिनं ती माझ्यासाठी घेतली, पण मला ती नको. मी माळ घेतली नाही. यापेक्षा जास्त माझ्याकडे द्यायला काही नाही."

मला वाटलं, जमीन फाटावी आणि मी आत जावं. तिनं स्वतःच्या हातानं स्वतःला पुन्हा अडकवलं होतं, आणि माझी शपथ सगळ्यांसमोर उष्ट्या पानासारखी परत केली होती.

"अगं बाई, सुटली हुतीस की!" सासूबाई म्हणाल्या.

"बगितलं?" दीर ताडकन उभे राहिले. "पोरीची शप्पथ पन पचंना. आता तर मी सोडत नसतो."

"चौकीत यायचं तर येते," आई म्हणाली. "तिथंही हेच सांगेन."

काकू कपड्यांचं बोचकं बांधत होत्या. त्यांचे हात थांबले होते आणि त्या आईकडे एकटक बघत होत्या.

त्या रात्री प्रार्थनेला पप्पांनी डोळे मिटले आणि लगेच उघडले. आईनं रोजची प्रार्थना रोजच्यासारखी केली. भिंतीपलीकडच्या घरातल्या सगळ्यांसाठीही मागणं केलं, सासूबाईंसाठी आणि दिरांसाठीसुद्धा. मी 'आमेन' म्हटलं नाही. मुद्दाम म्हटलं नाही.

सकाळी पप्पा कामावर गेले नाहीत. आईनं अंघोळ केली, केस विंचरले आणि रविवारी उपासनेला नेसायची ती पांढरी, निळ्या काठाची साडी नेसली. कशाला, ते कुणी विचारलं नाही. चौकी बस-स्टॉपच्या पलीकडे होती. तिथून हवालदार आला तर आमच्या दारापर्यंत यायला त्याला वेळ लागणार नव्हता. आम्ही तिघं खोलीत बसून होतो. बाहेर टेम्पो येऊन उभा राहिला. सामान चढल्याचे आवाज आले, दिरांचा आरडाओरडा ऐकू आला. पप्पा दोनदा पाणी प्यायले.

मग दार वाजलं. पप्पा उठले, पण आईनं त्यांना हातानं बसवलं आणि स्वतः दार उघडलं.

दारात काकू एकट्याच होत्या. गळा मोकळा होता. माळ तेव्हा सापडली नव्हती, आणि पुढेही ती कधीच सापडली नाही. उंदरानं बिळात नेली, की पापडांच्या गडबडीत कुणी उचलली, हे आम्ही ती घरं सोडेपर्यंत कुणाला कळलं नाही. नंतर कुजबुजणारे कुजबुजतच राहिले.

काकूंनी कमरेची किल्ली काढली. त्यांच्या घराच्या कुलपाची. ती त्यांनी आईच्या हातावर ठेवली.

"लग्न हून परत येईपर्यंत घर तुमच्या हवाली," त्या म्हणाल्या. "तुळशीला पानी घाला. सांभाळाल ना?"

टेम्पोचा हॉर्न वाजला. दिरांनी हाक मारली, "वहिनी, चौकीत जायचंय ना?" काकूंनी मागे वळून पाहिलंही नाही.

आईनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. बहुतेक ती पुन्हा सांगणार होती, की मी माळ घेतली नाही.

"काय सांगू नका, बाई," काकू म्हणाल्या. "तुमी नुसतं हो म्हना."

"हो," आई म्हणाली.