पांढरी तीन, गंधार कोमल

"आधी लय सांगा. मग पट्टी. मग भाव. नाव शेवटी विचारा."

आमच्या शाळेतल्या संगीताच्या मॅडम कुठलंही गाणं असंच सुरू करायच्या. प्रार्थना असो की पाहुण्यांसाठी स्वागतगीत, पोरांची या तीन प्रश्नांतून सुटका नसे. माझा गणिताचा तास शेजारच्या खोलीत, त्यामुळे मलाही ते पाठ झाले होते. मुख्याध्यापकांचं भाषणसुद्धा त्या सोडत नसत. "आज सर दुप्पट लयीत होते. साखर वाढली वाटतं," असं भर स्टाफरूममध्ये म्हणायच्या, तेही जरा मोठ्यानेच.

मॅडम मूळच्या हिंगोलीजवळच्या पुसेगावच्या. संभाजीनगरला शिकत असताना वसतिगृहात एक पियानो होता, आणि तिथल्या वॉर्डनबाईंनी त्यांना एक परदेशी तुकडा शिकवला होता. एकच, जेमतेम दोन मिनिटांचा. आमच्या हिंगोलीत पियानो कुठला असणार? शाळेच्या जुन्या कीबोर्डवर मधल्या सुट्टीत त्या तो वाजवत. उजव्या हातात दोनच सूर, एकमेकांना टेकलेले. डाव्या हाताचे सूर मात्र एकेक पायरी खाली उतरत जायचे. शेवटी मोठा थांबा, आणि मग अगदी हळू तीन ठोके.

एकदा मी दारात उभा राहून ऐकत होतो. वाजवून झालं आणि त्यांनी मला पकडलंच.

"सर, लय?"

"मंद."

"मंद न्हाई, जड. पाय उचलंना अशी. पट्टी?"

मला कुठली येणार! त्यांनीच तिसऱ्या पांढऱ्या पट्टीवर बोट ठेवून सांगितलं, "पांढरी तीन, गंधार कोमल. अन् भाव?"

"दुःख."

"चूक. दुःखात माणूस रडतंय. घरात बातमी आली, सगळ्यांनी ऐकली, पण अजून कोणी रडलं न्हाई. तेवढाच वेळ आहे हा, सर."

त्या दिवशी फळ्यावर मी एक सोपं गणित चुकवलं.

त्या वर्षी स्नेहसंमेलनात मॅडमनी हट्टाने हा तुकडा घातला. दुपारचे तीन वाजले होते. मैदानात मांडव, समोर पालक, पहिल्या रांगेत पाहुणे. मॅडम कीबोर्डपाशी बसल्या आणि डोळे मिटून वाजवू लागल्या. अर्धा तुकडा झाला असेल, आणि लाईट गेली. स्पीकर मुके झाले, कीबोर्डही मुका झाला.

मॅडम वाजवत राहिल्या.

आधी वाटलं, एखाद-दुसरा सूर वाजेल आणि थांबतील. त्या थांबल्या नाहीत. बोटं त्याच जड लयीत पडत होती आणि कानावर येत होती ती फक्त प्लॅस्टिकच्या पट्ट्यांची टकटक. पाहुणे एकमेकांकडे बघू लागले. मी त्यांना सांगायला उठलो आणि अर्ध्या वाटेत थांबलो. यांना कळलेलंच नाही. यांना ऐकूच येत नाही!

शेवटचा थांबा आला. हात वर राहिले. मग तीन ठोके.

पालक स्पीकरकडे वळून बघत होते. मग आठवीच्या पोरींनी टाळ्या सुरू केल्या, जोरजोरात, हात डोक्याच्या वर नेऊन. मॅडमनी डोळे उघडले, हसून नमस्कार केला. तेवढ्यात त्यांना तारेशी खटपट करणारा स्पीकरवाला दिसला. त्यांनी कीबोर्डच्या विझलेल्या दिव्याकडे पाहिलं आणि तव्याचा चटका बसावा तसे हात मागे घेतले.

मांडवाच्या मागे मी त्या पोरींना गाठलं. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"व्हय सर. दोन वर्षं झाली," एक जण म्हणाली. "आमी मॅडमकडे तोंड करूनच बोलतो. कोणी सूर चुकलं की बोट वर करतो."

"मग सांगितलं काहून नाही?"

"कोणाला सांगावं सर? मॅडम बराबर शिकवून राहिल्या होत्या की."

स्टाफरूममध्ये आम्ही चौदा जण. रोज त्यांच्यासोबत डबा खाणारे. एकालाही पत्ता नव्हता.

संध्याकाळी मॅडम संगीताच्या खोलीत बसल्या होत्या. मी समोर जाऊन बसलो. त्या माझ्या ओठांकडे बघत बोलल्या, "आधी पाखरं गेली सर. मग शाळेची घंटा. मग लेकरांचे बारीक आवाज. डाव्या हाताचे जाड सूर मात्र मला पार दिवाळीपर्यंत ऐकू येत होते."

"आम्हाला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर पेटीवर बसू दिलं असतं तुमी?"

मी खाली बघतच काहीतरी पुटपुटलो. खाली पाहिल्यावर त्यांना काही कळणार नाही, हेही माझ्या ध्यानात आलं नाही.

मुख्याध्यापक भला माणूस. "कानाला मशीन लावा, तास चालू ठेवा," म्हणाले. मॅडमनी मशीन लावून पाहिलं. "आवाज येतो, सूर येत न्हाई," म्हणाल्या, आणि वार्षिक परीक्षा झाल्यावर राजीनामा देऊन गावी गेल्या. आठवीची पोरं त्यांना बसस्टँडवर सोडायला गेली. मी गेलो नाही.

परवा जवळा बाजारला आठवडी बाजारात त्या दिसल्या. पाठमोऱ्या, हातात भाजीची पिशवी. माझ्याने राहवलं नाही. "मॅडम! अहो मॅडम!" मी ओरडलो. भाजीवाल्या वळल्या, हमाल वळले, चहाच्या गाड्यावरची माणसं वळली. अख्खा बाजार माझ्याकडे बघत होता. त्या तेवढ्या पुढे चालत राहिल्या.